तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

आमच्या गावच्या घरात बर्फ दोघांनी पाहिला आहे. एक आमचे हे, आणि दुसरा माझा गुलाबी स्वेटर. मी पाहिला नाही.

(फ्रिजमधला म्हणाल तर तो रोज पाहते. तो नाही. वरून पडतो तो!)

मी चौथीत असताना गुरुजींनी सांगितलं होतं, की हिमालयात बर्फ पडतो तो अगदी पिंजलेल्या कापसासारखा. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरीला कापूस काय सांगावा! वेचला, बैलगाडीत तुडवला, सरकी काढायच्या जिनिंगमध्ये नाकातोंडात गेला. पण थंड कापूस? आभाळातून पडणारा? तेव्हापासून मनात एकच. एकदा ओंजळीत घ्यायचा आणि पाहायचं, गुरुजी खरं बोलले का. गुरुजी गेले, मी साठी ओलांडली, आमच्या गावच्या, बोरी अरबच्या उन्हात केस पिकले, ओंजळ तशीच रिकामी.

तर गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आमच्या सुनेचा, स्नेहलचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. "आई, सुट्टीत येताय ना? इथे एका मॉलमध्ये बर्फघर झालंय. आत खरा बर्फ पडतो. पण गर्दी फार, तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं."

माझी ओंजळ आपोआप पुढं झाली! आणि आमचे हे बाजूला बसून गरजले, "आधी कायले? जत्रेत तंबूतला सिनेमा पाह्यला, तवा कोनं आधी तिकीट काढलं होतं? खिडकीवर जाचं, तिकीट घ्याचं, अंदर जाचं. आधी काढलं आन गेलोच नाही, त पैसे पान्यात!"

"बाबा, खिडकीवर मिळत नाही हो. तुमचं काढू का?"

"काढ न बाई!" (बघा. एवढं भाषण केलेला माणूस!)

"आणि आई, तुमचं?"

मी म्हटलं, "नको गं, कायले माह्यासाठी उगाच."

ती म्हणाली, "बरं."

बरं! नुसतं बरं!

आता इथं आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "आत्ताच घेतला चहा" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप," आणि मग दोन कप प्यायचे. मी सहा वर्षांची असताना एका घरी पहिल्याच विचारण्यात लाडूला हाव, म्हणजे हो, म्हटलं होतं. मायनं मांडीला असा चिमटा घेतला, की आजही कोणी काही विचारलं की ती जागा चुरचुरते आणि तोंडातून आपोआप नको निघतं. स्नेहल नाशिकची. पोरगी गुणाची, पण तिच्या माहेरी नको म्हणजे नकोच असतं म्हणे! असं कसं चालतं त्यांचं, देव जाणे.

मी मनाशी म्हटलं, असं कोणी खरं धरत नसतं. काढलंच असेल तिनं. आणि भर मे महिन्यात पिशवीत स्वेटर भरला. यवतमाळला हिवाळ्यात स्वेटरवाले बसतात ना, त्यांच्याकडचा, गुलाबी, मोठ्या बटणांचा. सोबत कानपट्टी आणि दोन जोड मोजे.

हे म्हणाले, "अवो, बाहेर अंडं उकडून राह्यलं, आन तू स्वेटर घेतं?"

"तुमी चूप बसा."

पुण्यात बर्फघराच्या दिवशी मुलगा नरेश कामावर गेला होता, म्हणून आम्ही चौघंच निघालो. हे, मी, स्नेहल आणि सात वर्षांची नात ओवी. परतीची ट्रॅव्हल्स त्याच दिवशी संध्याकाळची. बर्फघराच्या दारात मी मोजे चढवले, कानपट्टी बांधली, एकदम तयार! दारावरच्या पोरीनं स्नेहलचा मोबाईल यंत्रापुढे धरला. टूँ. टूँ. टूँ.

मी चौथ्या टूँची वाट पाहत उभी.

"आन माहं?"

स्नेहलचा चेहरा पांढरा पडला. "आई... तुम्ही नको म्हणाला होतात ना?"

बिचारीनं भराभर मोबाईल चाळला. आज भरलेलं. उद्या भरलेलं. परवा सकाळी एक जागा. परवा सकाळी मी बोरीत गहू पाखडत असणार! हे तरातरा खिडकी शोधायला गेले. खिडकी होती, पण तिच्यावर पाटी: तिकीट फक्त मोबाईलवर. हे पाटीलाच बोलून आले, "मंग खिडकी ठेवली कायले?"

स्नेहलनं आपलं तिकीट पुढं केलं. मी म्हटलं, "नको गं, तू जा." (ती रडवेली होऊन "नक्की ना?" म्हणाली. ते मी विचारण्यात धरत नाही.)

मग हे म्हणाले, "तू जा वं. मी बसतो अथी."

"नाही, तुमीच जा." झालं एक.

"अवो जा न, लहानपनापासून तुले पाह्याचं हाये."

"नाही म्हनलं न! माहे गुडघे दुखतात." झाले दोन. (गुडघे ठणठणीत!)

आता तिसरं. बेचाळीस वर्षांचा संसार. या माणसानं मला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कधी पापडही खाल्ला नाही. त्यांनी तोंड उघडलं. माझं हाव अगदी दातांपर्यंत आलं. इतक्यात दारावरची पोरगी ओरडली, "अकराच्या खेळाची आत जायची वेळ संपत आली, दार बंद होतंय, आत चला!"

हे गडबडले. आणि तिसऱ्यांदा विचारलं ते काय? "मंग स्वेटर त दे! भाड्याचा कोट कोनाकोनाच्या अंगावरचा असते."

दिला. दार बंद.

दाराला काच होती. तिच्यावर सारखी वाफ धरत होती. मी पदरानं पुसायची, दोन मिनिटं पांढरं पांढरं दिसायचं, की पुन्हा धूसर. एकदा मात्र स्पष्ट दिसलं. भाड्याच्या कोटाची बटणं सताड उघडी, आणि माझा गुलाबी स्वेटर घसरत घसरत, हात पसरून, काचेसमोरून गेला. आत हे होते. वरून काहीतरी पडत होतं. कापसासारखं की मिठासारखं, ते दिसायच्या आत पुन्हा वाफ!

मॉलचा पहारेकरी जवळ आला. "आजी, कानाला बांधलंय, पायात मोजे... ताप आहे का?"

"हाव," मी म्हटलं. तिथं बरं पहिल्या झटक्यात निघालं!

तासाभरानं तिघं बाहेर आले. मी ह्यांना गाठलं. "कसा होता?"

"थंडा."

"अहो, पन कापसावानी होता का?"

"मी कायले पाहू? माहे पाय घसरून राह्यले होते!"

मग ओवीला विचारलं. "बेटा, कापसासारखा होता का गं बर्फ?"

ती विचार करून म्हणाली, "आजी, कापूस म्हणजे मेडिकलमध्ये मिळतो तो?"

मी ह्यांच्याकडून स्वेटर परत घेतला. बाही ओली होती. गालाला लावून पाहिली. गार लागली. पण ते मॉलच्या एसीनंही असेल. तो स्वेटर मी अजून धुतला नाही.

त्यानंतर मी सराव सुरू केला. तुळशीला पाणी घालताना हाव. भाकरी थापताना हाव. दिवाळीनंतर कापूस घरात आला, समोरच्या खोलीत छताला टेकला. त्या ढिगात मी हात घालून बसली होती. आतून ऊब लागते कापसाला. म्हटलं, हाच वरून पडला असता, आणि थंड असता तर...

तेवढ्यात फोन. स्नेहल!

"आई, उन्हाळ्यातलं बर्फघराचं तिकीट आत्ताच काढून ठेवू का तुमचं?"

मांडी चुरचुरली. "नको गं, कायले उगाच."

जीभ झडो माझी!

पण सून शहाणी झालेली. हसून म्हणाली, "दुसऱ्यांदा विचारते. काढू?"

"अवं, माहे गुडघे..."

"आई, आता तिसऱ्यांदा वि..."

आणि टॉवर गेला. आमच्या बोरीचा टॉवर! मी त्या मेलेल्या फोनात जीव तोडून ओरडली, "हाव! हाव! हाव!"

स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज आला, "अवो, चहा घेतं का म्हनलं, आन पह्यल्याच खेपीले हाव? तब्येत बरी हाये न तुही?"

चहा मिळाला. पूर्ण कप. चांगला उकळता!