ही लाल ओळ कशी पुसू?

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम जमवत नाही हो. डोकं तापलं की एक किस्सा जमा होतो, आणि माझं डोकं रोज तापतं! पॅथॉलॉजी लॅबमधले रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर पाठवायचं सॉफ्टवेअर करतो आम्ही.

*

निखिल आमच्या टीममधला गुणी पोरगा, यवतमाळचा. त्याने कोड लिहिला: रिपोर्ट वाचा, तपासा, पाठवा. टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपली. आमचे साहेब, समीर सर, खूश! "काय स्पीड आहे!" लगेच सामोसे.

बघते तर एकही रिपोर्ट गेलेला नाही! वाचा-तपासा-पाठवा ही साखळी लेझी, म्हणजे आळशी असते. शेवटी कुणी "आण रे" म्हटल्याशिवाय जागची हलत नाही, आणि ती मागायची ओळच राहिली होती. म्हटलं, "सर, काहीच न करायला कितीसा वेळ लागतो?" सामोसे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

*

मागायची ओळ घातली. आता प्रत्येक पेशंटमागे दोनच उत्तरं: एक तर हिरव्या ओळीत रिपोर्ट, नाहीतर लाल ओळीत तो का अडला त्याचं कारण. ऐन डेमोत एकाचं वय लिहिलेलं नव्हतं, आणि तिथेच सगळी रांग थांबली. सर भडकले. "एकापायी सगळे अडवायचे? गाळून टाक!"

"गाळू नका, बाजूला काढून दाखवा!" मी ओरडले.

"ते लाल लाल कोण बघत बसणार?"

"आपण! दुसरं कोण?"

निखिलने मान खाली घालून अडलेले गाळायची एक ओळ लिहिली. कारणं गायब, स्क्रीन हिरवीगार. असा संताप आला म्हणून सांगू!

*

नारायण पेठेत लॅब चालवणाऱ्या लिमयेबाईंचा फोन. "तुमच्याकडे एरर येत नाही म्हणता. पेशंटकडे रिपोर्ट येत नाही. मग नक्की येतं तरी काय?"

सर म्हणाले, "नेटवर्क असेल, सांग."

"खोटं बोलायला दुसरं कुणी बघा," म्हटलं आणि फोन त्यांच्याच हातात दिला.

*

त्याच सुमारास निखिलची आई वारज्याला त्याच्याकडे आली होती. छातीतली गाठ तपासायला दिलेली. लॅब आमचंच सॉफ्टवेअर वापरणारी. रिपोर्ट मोबाइलवर येईल म्हणाले. पोरगा जेवतानाही फोन पालथा ठेवेना.

"मॅडम, मेसेज नाही म्हणजे काही नसेल ना?"

कुणाला न विचारता मी ती गाळायची ओळ उडवली.

स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल! सर धावत आले. "क्लायंट लिफ्टमध्ये आहेत! निखिल, आधी ते लाल पूस!"

निखिल उठला. मधल्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. वय रिकामं, रिपोर्ट अडलेला.

"सर, ही कशी पुसू? ही माझी आई आहे."