आत्याचा धवला आणि लाल स्क्रीन

आमची आत्या म्हणजे शेणव्याच्या आसपासच्या गावांतली धवलारीण. लग्नातली धवल्याची गाणी गाणारी बाई. तिने धवला म्हटल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. कुठे लिहिलेलं नाही, सगळं तोंडपाठ, आणि तिच्यानंतर गाणारं कोणी नाही. म्हणून मी हट्टाने एकेक धवला लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला होता.

एका रविवारी ती गाणी जोडायला फुकटचं कसलं तरी ॲप उतरवायला गेले, तर स्क्रीन लालभडक! भोंगाच वाजायला लागला. व्हायरस घुसलाय, सगळ्या फाइली पुसल्या जातील, ताबडतोब या नंबरवर फोन करा. रोज आसनगावहून कल्याणच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मी शहाणी, लावला की हो फोन! पलीकडचा हिंदीत गोड गोड बोलत होता. सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर घ्या, आत्ताच पैसे भरा, नाहीतर सगळं जाईल. मी त्याला स्पीकरवर टाकून पर्समध्ये कार्ड शोधायला लागले.

"काय जाईल म्हनतो गो?" शेजारीच बसलेल्या आत्याने विचारलं.

"तुझे धवले, आत्या. सगळे!"

मला वाटलं, आता ही रडते. छे! तिने पदर खोचला, फोन तोंडाशी धरला. "हितले पुसतात तर पुसू दे. तू तरी ऐकून ठेव रे बाबा," म्हणाली आणि खड्या आवाजात हळदीचा धवला सुरू!

तो आपला "मॅडम, कार्ड नंबर, मॅडम" करतोय, आणि ही कसली थांबते! उचललेला धवला मध्ये तोडायचा नाही, ही तिची रीत. नवरदेव ताटकळले तरी तिने कधी तोडला नव्हता, याला कोण विचारतो? शेजारच्या बायका ओटीवर जमल्या. मला हसू आवरेना आणि अंगावर काटाही येत होता. शेवटी वैतागून त्याने फोनच ठेवला.

खरा मदत करणारा असता तर असा पळाला असता का? मी लॅपटॉप बंद करून परत चालू केला. लाल स्क्रीन गायब, धवले जागच्या जागी. "आहेत गो आत्या, सगळे आहेत!" मी आनंदाने ओरडलेच.

आत्याला त्याचं काही नव्हतं. ती धुसफुसत होती. "अर्धाच ऐकून पळाला मेला. अर्धा ठेवायचा नाय." मग माझा हात धरून तिने मला समोर बसवलं. "त्या डब्याचं ऱ्हाऊ दे. तू म्हन माज्या मागून."

मी पहिलीच ओळ चुकले. तिने ती पुन्हा म्हटली.