ओढ्याकाठचं छोटंसं ऑफिस

बांधकामाचे नकाशे मंजुरीसाठी तपासायचं काम कोरडं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या कमिटीत एक दिवस बसून बघावं. फाइल बंद झाली की कागद कपाटात जातात, माणसं मात्र डोक्यात घर करून राहतात. येलहंक्याच्या त्या ऑफिसचे किस्से तर इतके साचलेत, की पाहुणे आले की नवराच म्हणतो, "ओढ्याचं सांग!"

जागा अशी: एका बाजूला बैठी घरं, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि मधल्या तुकड्यावर तीन मजली ऑफिस बांधायला निघालेला श्रीकांत. तरुण, हुशार, बोलायला गोड. आमच्या अध्यक्ष सावित्रीअक्का, रिटायर्ड इंजिनियर. नकाशे वाचायला मी.

* * *

पहिल्या दिवशी मला नकाशात ओढाच सापडेना. होती फक्त एक निळी नागमोडी रेघ. तिच्यावर लिहिलेलं, 'वॉटर फीचर', जणू बागेतलं कारंजं.

अक्कांनी विचारलं, "हे तुम्ही बांधणार?"

"नाही मॅडम, ते आहेच तिथे."

"कधीपासून?"

"आम्ही यायच्या आधीपासून."

"सरी, ठीक आहे. मग ते तुमचं फीचर नाही, तुमचा शेजारी आहे. शेजाऱ्याचं नाव नीट लिहा!"

* * *

मग पार्किंग. श्रीकांत म्हणाला, "आमच्याकडे सगळे तरुण आहेत, मॅडम. सायकलनं येतील, बसनं येतील. मी स्वतःसुद्धा सायकलवालाच!"

एवढ्यात दार धाडकन उघडलं. रामण्णा आत आले. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचं घर.

"यार्दु ई कारु? माझ्या गेटसमोर ही भली मोठी गाडी कुणी लावली?"

श्रीकांत हळूच उभा राहिला.

अक्कांनी नकाशावरून मानही वर केली नाही. "सायकल स्वल्प बाजूला लावून या."

* * *

जनरेटरचा आवाज होत नाही, हे दाखवायला तो आम्हाला कोरमंगलाच्या त्याच्या जुन्या ऑफिसात घेऊन गेला. आम्ही जनरेटरच्या अगदी शेजारी उभे.

"ऐका मॅडम. येतोय काही आवाज?"

खरंच, काही नाही! मी खूश. 'उत्तम' असा शेरा लिहायला पेन उघडलं.

तेवढ्यात वॉचमन धावत आला. "सर, आता सुरू करू?"

* * *

खिडक्यांवरून मात्र लोक खरोखर चिडले होते. ऑफिसातून थेट आपल्या घरात दिसणार, हे कुणाला आवडेल? सगळ्यांचं एकच म्हणणं, त्या बाजूची भिंत बंद करा.

मागच्या रांगेतून पद्माक्का उठल्या. एकट्या राहतात. आमच्यासारखंच इथलं जुनं मराठी घर.

"माझ्यासमोरची बंद करू नका हो. मुलगा सर्जापूर रोडला राहतो. तिकडून यायचं म्हणजे त्याचा अख्खा दिवस जातो. समोर नुसती भिंत आली तर मी बघू कुणाकडे?"

बाकीच्या खिडक्या आम्ही डोक्याच्या वर न्यायला लावल्या, आणि पद्माक्कांच्या व्हरांड्यासमोर ऑफिसच्या पँट्रीची खिडकी आली.

आता बिल्डिंग उभी आहे. मध्यंतरी मी तिथून चालले होते. पँट्रीत एक मुलगा कप घेऊन उभा होता, आणि खालून पद्माक्का ओरडत होत्या, "अरे, कितव्यांदा कॉफी? रात्री झोप नको का तुला!"

* * *

पण बिल्डिंग ओढ्यापासून इतकी मागे सरकायला श्रीकांत तयार कसा झाला, हे लोक मला अजून विचारतात. कारण त्याला ऑफिसचं रिसेप्शन अगदी काठावरच हवं होतं. अक्का ओढ्यापासून अंतर सोडायचा नियम दाखवायच्या, तो हसून सांगायचा, "मॅडम, नीरे इल्ला! ओढ्यात पाणी आहेच कुठे?" रामण्णा सांगायचे, येतं, वरच्या बाजूला पाऊस पडला की येतं. तो म्हणायचा, "अण्णा, ते पूर्वी."

शेवटी त्यानं मीटिंग जागेवरच ठेवली. रिसेप्शन जिथं होणार, बरोबर तिथं आदल्या संध्याकाळी मंडप घातला, भाड्यानं आणलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीत मांडल्या. "इथं बसून बघा, मग बोला!"

रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला. आमच्याकडे नुसता शिडकावा.

सकाळी आम्ही पोचलो तर मंडपाचे बांबू वाकडे, जमिनीवर चिखल, आणि खुर्ची एकही नाही. श्रीकांत बूट हातात घेऊन काठाकाठानं खाली निघाला. त्याच्यामागे अक्का, मग मी.

रामण्णांच्या कुंपणावर भिजलेली गादी वाळत टाकलेली होती. त्यांची बायको पायरीवरचा गाळ खरवडत होती. आणि अंगणात लाल खुर्च्या, धुऊन पुसून, एका ओळीत मांडलेल्या! मधल्या खुर्चीवर रामण्णा कॉफी पीत बसले होते.

"बन्नी सर, या, बसा! खुर्च्या पोचल्या. टेबलं कधी पाठवताय?"