न सापडलेलं हरीण

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधले आमचे शेजारी, रिटायर्ड सर्जन काका, वर्षाला एकच हरीण मारतात, तेही धनुष्यबाणाने. बाण लागला की घड्याळ लावून अर्धा तास बसून राहतात. लगेच मागे गेलं तर जखमी हरीण जीव खाऊन लांब पळतं, म्हणतात. मी एकदा सोबत होतो. तो अर्धा तास संपता संपेना. मग रक्ताच्या मागावर जाऊन काका जंगलातच हरणाची आतडी काढून ते साफ करतात, पोटात बर्फाच्या पिशव्या भरतात आणि कोपरापर्यंत हात धुतात. काकू शाकाहारी, म्हणून मांसाचा फ्रीजर गॅरेजमध्ये.

यंदा बाण लागलेलं हरीण सापडलंच नाही. दोन दिवस शोधून काकांनी धनुष्य आवरून ठेवलं.

"काका, शिकारीचा सीझन बाकी आहे अजून," मी म्हटलं.

"माझं एक मारून झालं," ते म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या फ्रीजरचा प्लग काढला.