वडिलांची लिंबं

चाकाखाली लिंबू फुटल्याचा वास आला की माझी मान खाली जाते. विंझर गावची आमची भातखाचरं विकून मी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा कंपनी ती जुन्या मोटारींच्या संग्रहालयात समारंभ करून थाटात ताब्यात देणार होती. ट्रॅक्टर आणताना आणली होती तशीच घरच्या झाडाची लिंबं घेऊन वडील आले आणि चाकाखाली ठेवायला वाकले. "काका, फरशीला डाग पडतील," तिथला माणूस म्हणाला. लोक हसले, तसा मीच खेकसलो, "अण्णा, अडाण्यासारखं करू नका!" त्यांनी लिंबं खिशात घातली. "व्हय, चुकलं. म्या यष्टीनं जातो, तुझ्या शिटाला डाग नको." त्या गाडीत ते कधीच बसले नाहीत. ते वारल्यावर, काल मी ती विकली. नव्या मालकाला चाकाखाली ठेवायला लिंबू हवं होतं; ते मी वडिलांच्या झाडाचं तोडून दिलं.