तक्त्यातली एक चूक

मला याद्या करायची सवय आहे. किराणा, दातांचा डॉक्टर, पडदे धुणं, सगळं कागदावर असतं आणि काम झालं की शेजारी बरोबरची खूण होते. घरचे यावर जे बोलतात ते मी ऐकून घेते. त्यामुळे सातवीच्या मुलांकडून एक साहसकथा वाचून घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मी तक्ता केला.

आमची शाळा रावपुऱ्यात, मराठी माध्यमाची. वर्गात अठ्ठावीस मुलं. घरी मराठी, बाहेर गुजराती आणि मोबाइलवर तिसरंच काहीतरी. धडे वाचतात, पण अख्खं पुस्तक संपवलेलं मूल वर्गात शोधावं लागायचं. मुख्याध्यापिकांच्या मागे लागून मी शुक्रवारचा शेवटचा तास वाचनासाठी मिळवला. त्यांनी अट घातली. दिवाळीच्या सुट्टीआधी निम्म्या वर्गाचं पुस्तक पूर्ण झालं पाहिजे, नाहीतर तो तास गणिताला. गणिताचे सर टपलेलेच होते. जिन्यात भेटले की कितवं प्रकरण चाललंय, अशी फार आपुलकीने चौकशी करायचे.

पुस्तक मी स्वतः सातवीत असताना वाचलं होतं. देवळातली घंटा चोरीला जाते आणि तीन भावंडं ती शोधायला नावेतून निघतात. सोळा प्रकरणं. शाळेच्या कपाटात सहा प्रती निघाल्या. तक्त्याच्या डाव्या बाजूला कुठली प्रत कुणाकडे, कधीपर्यंत, ते लिहिलं. उजव्या बाजूला प्रत्येक प्रकरणाचा एका ओळीत सारांश. मागे पडलेल्या मुलाला धागा सापडावा म्हणून. तक्ता वर्गात लावला तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पहिल्या शुक्रवारी मी दुसरं प्रकरण मोठ्याने वाचलं. काठावर मगर दिसते तिथे आवाज खाली आणला, थांबले.

"बाई, यात काय?" नदीपलीकडच्या अकोट्याहून येणारी एक मुलगी म्हणाली. "पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये येते."

पुढची वीस मिनिटं कुणाच्या सोसायटीत किती लांबीची आली, कुणाच्या काकांनी स्कूटरखालच्या मगरीला ओंडका समजून पाय लावला, यात गेली. मगर तोंड उघडं ठेवून पडली असेल तर ती चिडलेली नसते, तापलेली असते, हेही मला समजावण्यात आलं. पण तास संपल्यावर सहाही प्रतींवर झुंबड उडाली.

सोमवारी त्यातली एक परत आली. मंगळवारी तीन. बुधवारी सहाही प्रती माझ्या कपाटात होत्या. मी कारण विचारलं, तर पहिल्या बाकावरच्या मुलाने भिंतीकडे बोट दाखवलं.

"चोर नावाडीच निघतो ना, बाई? पछी वाचून शुं काम?" मग वाचायचं कशाला, हे त्याचं बरोबरच होतं.

पंधराव्या प्रकरणापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चोर सापडतो. तो नावाडी.' खाली लाल रेघ.

वर्गात मी सहसा खोटं बोलत नाही. त्या दिवशी मात्र क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं की तक्त्यात एक चूक आहे, मी ती मुद्दाम ठेवली आहे, आणि पुस्तक वाचल्याशिवाय ती कुणाला सापडणार नाही. मधल्या सुट्टीपर्यंत कपाट रिकामं झालं. चूक अर्थातच नव्हती. घरी गेल्यावर मी यादीत लिहिलं, 'शनिवार: मुलं गेल्यावर तक्त्यात चूक करणे.'

शुक्रवारी सकाळी अकोट्याची मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी. "बाई, चूक सापडली."

मी ती अजून केलीच नव्हती.

"सहाव्या प्रकरणात मगर हल्ला करते, असं तुम्ही लिहिलंय," ती म्हणाली. "पुस्तकात ती नुसती तोंड उघडून पडलीये. हल्ला तुमचा आहे. पण ती छोटी चूक. मोठी वेगळीच आहे."

कुठली, म्हणून मी विचारलं.

"नाही सांगणार. बाकीच्यांचं वाचायचं राहिलंय ना."

ती गेल्यावर मी जुनी वही काढली. 'प्रकरण ६ ते १६ पुन्हा वाचणे' आणि शेजारी ठसठशीत बरोबरची खूण. मग आठवलं. त्या संध्याकाळी पाहुणे आले होते, आणि शेवट तर मला लहानपणापासून पाठ होता, म्हणून मी आधी खूण केली आणि मग पोळ्या केल्या. वाचायचं राहूनच गेलं.

तशीच कपाटाकडे गेले. एकही प्रत नव्हती. प्रत्येक प्रतीपुढे चार-चार, पाच-पाच नावं लागली होती. एखाद्या मुलाच्या हातातून पुस्तक काढून घ्यायची इच्छा झाली नाही असं नाही. पण नियम मीच लिहिले होते. मी तक्त्यात शेवटी, एकोणतिसाव्या क्रमांकावर, स्वतःचं नाव घातलं. मधल्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या वर्गाने वाचलं होतं.

सुट्टीआधीच्या शुक्रवारी मुख्याध्यापिका वर्गात आल्या. मागे गणिताचे सर, हातात खडूचा डबा घेऊनच. कुणाकुणाचं पुस्तक पूर्ण झालं, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. मी हात मोजले, पुन्हा मोजले. एकोणीस. सरांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

पण मुख्याध्यापिका नुसत्या हातांवर विश्वास ठेवणाऱ्या नाहीत. त्यांनी विचारलं, घंटा कुणी चोरली? एकोणीस तोंडं घट्ट मिटली. एवढ्या एका प्रश्नावर तास जाणार आणि मला उत्तराची मदतही करता येणार नव्हती. तेवढ्यात अकोट्याची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, तुम्हाला कानात सांगते. मोठ्याने नाही. बाईंचं अजून व्हायचंय."

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून प्रत काढून दाखवली. त्या प्रतीची रांग आदल्या दिवशी संपून माझा नंबर लागला होता. खूण बाराव्या प्रकरणावर होती. मुख्याध्यापिका त्या मुलीजवळ गेल्या, कान पुढे केला, ऐकलं, आणि बाकीच्या अठरांचे चेहरे एकदा पाहून म्हणाल्या, तास राहील.

गणिताचे सर दारातच थांबले होते. रोज या वर्गावर गणित शिकवताना त्यांनीही तक्ता वाचला असणार.

"म्हणजे नावाडी नाही?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं नाव तिसाव्या क्रमांकावर लिहिलं.