मैदानावरची मावसताई

माझ्या मावसताईइतकं शिस्तीचं माणूस अख्ख्या नाशकात झालं नसेल. लग्नाच्या पंगतीतही ती गळ्यातली शिट्टी काढत नसे, आणि एका उशिरा आलेल्या नवरदेवाला तिने मांडवाला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मखमलाबादला मावशीची शेवंतीची शेती. ताई बुद्धीने मंद, असं घरचे तिच्यादेखतच पाहुण्यांना सांगत. मी जिथे पुढे कारकून झालो त्या विशेष मुलांच्या शाळेत ती शिकली, तिथेच धावायला लागली, आणि नव्वद सालानंतर केव्हातरी आमच्या क्रीडाशिक्षकांनी तिला मदतनीस प्रशिक्षक केलं. तेव्हापासून म्हशीलाही गोठ्याभोवती फिरवल्याशिवाय चारा मिळत नाही, अशी मावशीची तक्रार होती. मीही ऑफिसातला चहा दहा उठाबशा काढूनच पीत असे.

मैदानावर मात्र तिची तऱ्हा निराळी. "हात वर," एवढंच म्हणायची आणि थांबायची. शेवटच्या मुलाचा हात वर जाईपर्यंत, पाच मिनिटं लागली तरी, पुढचा शब्द नाही. सरांनी एकदा घाई केली तेव्हा म्हणाली, "सर, एका टायमाला एकच सांगायचं. मला बी तसंच कळतं." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. भिंतीला चिकटून राहणारी मुलं तिच्या हाताखाली जिल्ह्याच्या स्पर्धेत धावली.

पुढे सर निवृत्त झाले. नव्या व्यवस्थापनाला पदवीधर प्रशिक्षक हवा होता. ताईला कळवायचं काम नातेवाईक म्हणून माझ्याकडे आलं. मला नकार देता आला असता. मी दिला नाही. नियम, कागदपत्रं, पदवी असं मी बराच वेळ बोलत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "एकच सांग."

"उद्यापासून येऊ नको, ताई."

तिने मान हलवली आणि मुलांना रांगेत वर्गात सोडून घरी गेली.

नवा प्रशिक्षक भला माणूस होता, पण एका दमात पाच सूचना द्यायचा. मुलं गोंधळून खाली बसायची. वर्षभरात तोही दुसरी नोकरी धरून गेला. मग मैदानावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि मुलं परत भिंतीपाशी.

दोन-तीन वर्षांनी मळ्यात गेलो, तर ताई फुलं खुडत होती. मला बघून हसली. राग धरणं तिला कधी जमलंच नाही.

"पोरं पळतात ना रे?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

ती खूश झाली. दोन ओंजळी भरून शेवंती माझ्या रुमालात घातली आणि पुढच्या वाफ्याकडे वळली. मी रुमालाला गाठ मारली आणि बांधावरून निघालो. खरं सांगायला एकच वाक्य लागलं असतं.